“बाई, निष्कर्ष कालच लिहून झालाय”

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : आठवी-नववीच्या वर्गाला वैज्ञानिक पद्धत शिकवायची आहे. निरीक्षण, प्रश्न, गृहीतक, प्रयोग, निष्कर्ष या पायऱ्या मुलांना तोंडपाठ आहेत, परीक्षेत ती त्या क्रमाने लिहितातही. पण प्रयोगशाळेत टेबलापाशी उभी राहिली की यातलं काहीच वापरत नाहीत. हे बदलायचं कसं?

मी 26 वर्षं शाळेत विज्ञान शिकवते आहे आणि यातली पहिली सात-आठ वर्षं मीही या पायऱ्या फळ्यावर लिहून देत होते. त्या काळात एका मुलाची प्रयोगवही चाळताना दिसलं, की आज करायच्या प्रयोगाचा निष्कर्ष त्याने आधीच लिहून ठेवलाय. विचारल्यावर त्याने सरळ सांगितलं, “बाई, निष्कर्ष कालच लिहून झालाय. निरीक्षणाचे आकडे तेवढे आज भरायचेत.” रागावणार होते, पण त्याचा चेहरा पाहून थांबले. तो लबाडी करत नव्हता. आम्ही जे शिकवलं होतं तेच तो मन लावून करत होता. पुस्तकात प्रयोगाच्या वर नियम छापलेला, खाली निष्कर्ष छापलेला. मधल्या रिकाम्या तक्त्यात कोणते आकडे यायला हवेत, हे हुशार मुलाला घरी बसूनही काढता येतं.

म्हणून माझं सांगणं एवढंच आहे : पायऱ्या काही महिने बाजूला ठेवा आणि एक सवय लावा. प्रयोगाला हात लावण्याआधी काय होईल ते लिहायचं, आणि काय दिसलं तर आपलं म्हणणं चुकलं असं आपण मानू, तेही लिहायचं. पेनाने. ही सवय लागली की बाकीच्या पायऱ्या आपोआप येतात. ती नसेल तर पायऱ्या कितीही पाठ असल्या तरी त्यांचा उपयोग होत नाही.

आपल्या भाषेतच एक अडचण दडलेली आहे. ‘प्रयोग’ हा शब्द आपण नाटकालाही वापरतो. नाटकाच्या प्रयोगाचा शेवट नटांना आधीच माहीत असतो आणि तो दरवेळी तसाच व्हावा लागतो. शाळेतला विज्ञानाचा प्रयोग नेमका याच अर्थाने ‘प्रयोग’ होऊन बसतो : संहिता ठरलेली, शेवट ठरलेला, फक्त सादर करायचा. त्यात ‘प्रयोगाने सिद्ध करा’ हे शब्द. ‘सिद्ध करा’ भूमितीतून आलं, तिथे ते शोभतं. विज्ञानाच्या टेबलावर ते आलं की मुलं पुरावा शोधत नाहीत, ठरलेल्या उत्तराची बाजू लढवतात. माझ्या वर्गात मी ‘सिद्ध करा’ कधीच म्हणत नाही. ‘तपासून पाहा’ म्हणते. शब्द एवढासाच बदलतो, पण मुलं तक्त्याकडे वेगळ्या नजरेने बघू लागतात.

पहिल्या तासाला मी कोणतंही साहित्य काढत नाही. फळ्यावर 2, 4, 6 असे तीन आकडे लिहिते आणि सांगते, “हे तीन आकडे माझ्या मनातल्या एका नियमात बसतात. तुम्ही तीन-तीन आकडे सांगा, मी फक्त ‘बसतं’ किंवा ‘बसत नाही’ एवढंच सांगेन. नियमाची खात्री पटली की हात वर करा.” हा खेळ माझा नाही. पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञाने 1960 मध्ये माणसं आपल्या कल्पनेची परीक्षा कशी घेतात हे पाहण्यासाठी तो वापरला होता. मुलं विचारतात : 8, 10, 12? बसतं. 20, 22, 24? बसतं. 100, 102, 104? बसतं. आणि हात वर होतात : “दोनने वाढणारे सम आकडे!” मी म्हणते, नाही. वर्गात गलका होतो. मग कुणीतरी 1, 3, 5 सांगतं. बसतं. 5, 10, 15. तेही बसतं. शेवटी एखादी मुलगी, बहुधा वैतागून, 6, 4, 2 म्हणते आणि पहिल्यांदा मी ‘बसत नाही’ म्हणते. नियम फक्त एवढाच होता : प्रत्येक आकडा आधीच्यापेक्षा मोठा हवा.

यानंतर मी फळ्यावरच्या सगळ्या विचारणा परत वाचायला सांगते आणि विचारते, यातली कोणती विचारणा सर्वात जास्त उपयोगी पडली? 6, 4, 2. मग विचारते, त्याआधीच्या सगळ्या विचारणा तुम्ही अशाच का केल्यात, की उत्तर ‘बसतं’ असंच येईल? यावर वर्गात जी शांतता पसरते तिच्यात माझी शिकवणी सुरू होते. आपलं म्हणणं खरं ठरेल अशाच जागी आपण बघतो. ते खोटं ठरू शकेल अशा जागी जाऊन बघायला जीव घट्ट करावा लागतो. पुढच्या वर्षभरात कुणी एकाच बाजूचे पुरावे गोळा करू लागलं की वर्गातूनच कुणीतरी म्हणतं, “8, 10, 12 करू नकोस.” माझ्या वर्गातला तो वाक्प्रचारच झालाय.

दुसरा टप्पा लंबकाचा. यावर मी घाई करत नाही, चार तास जातात आणि ते द्यावेतच. साहित्य इतकं साधं, की कुठेही जमतं : दोरा, लोखंडी वॉशर, कागदाला लावायची क्लिप, मोजपट्टी, सेकंद दाखवणारं घड्याळ किंवा मोबाइलमधलं स्टॉपवॉच. प्रश्न असा : लंबकाचा एक झोका पूर्ण व्हायला लागणारा वेळ, म्हणजे दोलनकाल, कशावर अवलंबून असतो? वजनावर, दोऱ्याच्या लांबीवर, की किती लांबून सोडला त्यावर? लंबकाचं सूत्र मी सांगत नाही. कुणाला शिकवणीत आधीच मिळालेलं असेल तर त्यालाही सांगते, की सध्या ते खिशात ठेव.

प्रत्येक गट आधी अंदाज लिहितो. बहुतेकांना वाटतं, जड लंबक लवकर झोका घेईल. लिहायचं ते नुसतं ‘लवकर’ नाही : “दहा झोक्यांना एका वॉशरने जेवढा वेळ लागतो त्यापेक्षा पाच वॉशरने किमान एक सेकंद कमी लागेल. तेवढाच किंवा जास्त लागला तर आमचं चुकलं.” हे वाक्य मुलांकडून लिहून घेणं हेच लंबकाच्या तासातलं खरं काम आहे. ती कुरकुरतात. “बघूया काय येतं ते” असं म्हणत वाट काढू पाहतात. तिथे मऊ पडू नका.

दहा झोके का, हेही त्यांनाच शोधू द्या. स्टॉपवॉच दाबताना माणसाचा हात साधारण 0.2 सेकंद उशिरा चालतो. एकाच झोक्याची वेळ एक सेकंद असेल तर त्यात ही चूक फार मोठी ठरते, दहा झोक्यांच्या दहा सेकंदांत ती विरते. आणि मोजायला सुरुवात ‘शून्य’ म्हणून करायची. लंबक सोडताच ‘एक’ म्हणणारे गट नऊच झोके मोजतात आणि आपल्याच आकड्यांवर बुचकळ्यात पडतात. मी हे आधी सांगत नाही. दोन गटांचे आकडे जुळत नाहीत असं दिसलं की दोघांना एकमेकांचं मोजणं बघायला पाठवते. पाच मिनिटांत त्यांचं त्यांना सापडतं, आणि असं सापडलेलं ती विसरत नाहीत.

आता त्यात दडलेली खरी गंमत सांगते. 25 सेंटिमीटर लांबीच्या लंबकाला दहा झोक्यांना जवळजवळ दहा सेकंद लागतात. वजन वाढवताना काही गट क्लिपच्या हुकात पाचही वॉशर एकत्र अडकवतात. त्यांचा वेळ दहा सेकंदच राहतो. काही गट मात्र क्लिपांची साखळी करून एकाखाली एक वॉशर टांगतात, आणि त्यांना अकरा सेकंद येतात. म्हणजे त्यांच्या मते जड लंबक सावकाश झोके घेतो! एका टेबलावर ‘वजनाने फरक नाही’, शेजारच्या टेबलावर ‘जड तो सावकाश’, आणि दोघांनीही काळजीपूर्वक मोजलेलं. एका वर्षी यावर मुलांचं चांगलंच जुंपलं होतं. मी काही बोलले नाही. बऱ्याच वेळाने मागच्या बाकावरची एक अबोल मुलगी उठली, दोन्ही लंबक शेजारी-शेजारी धरले आणि म्हणाली, “याचं वजन खाली लोंबतंय. हा लंबक लांब झालाय.” लंबकाची लांबी टांगल्या जागेपासून वजनाच्या मध्यापर्यंत मोजायची असते. साखळीमुळे तो मध्य पाचेक सेंटिमीटर खाली सरकला होता. त्यांनी वजन बदललं खरं, पण नकळत लांबीही बदलली होती.

‘एका वेळी एकच चल (म्हणजे बदलता येणारी गोष्ट) बदला’ हे वाक्य मी फळ्यावर शंभरदा लिहिलं असतं तरी जे झालं नसतं, ते त्या मुलीच्या एका वाक्याने झालं. म्हणून तुम्हाला विनंती आहे, या खाचखळग्यांवर आधीच फळी टाकू नका. साहित्य इतकं व्यवस्थित लावून देऊ नका की चूक व्हायला जागाच उरणार नाही.

लांबीचा भाग तर मला अजूनही दरवर्षी आवडतो. 25 सेंटिमीटरला एक सेकंद, मग लांबी चौपट केली, 100 सेंटिमीटर केली, तर? जवळजवळ सगळे लिहितात : चार सेकंद. येतात दोन. अंदाज साफ कोसळतो. मग डोकी एकत्र येतात आणि कुणीतरी म्हणतं, चौपटीला दुप्पट, म्हणजे नऊपटीला तिप्पट असेल का? इथे मी दोरा आणि मोजपट्टी देऊन सगळा वर्ग जिन्यात नेते. 25 ची नऊपट म्हणजे 225 सेंटिमीटर. कठड्यावरून लंबक सोडायचा, दहा झोके, अंदाज वहीत पेनाने लिहिलेला : तीस सेकंद. आकडा अजून कुणी पाहिलेला नाही, पुस्तकातही तो नाही. सगळा वर्ग एका सुरात मोजतो आणि शेवटच्या झोक्याला घड्याळ तिसाच्या आसपास थांबतं, तेव्हा जो ओरडा होतो तो ऐकायला मुख्याध्यापकांनाही बोलवावं. आपण मांडलेला विचार, जिथे आपण अजून गेलोच नव्हतो तिथेही खरा ठरला, हा अनुभव मुलांना आयुष्यात एकदा तरी शाळेनेच द्यायला हवा.

याच लंबकात माझी एक चूकही आहे, ती तुमच्या हातून होऊ नये म्हणून सांगते. पुस्तक म्हणतं, दोलनकाल आयामावर, म्हणजे लंबक किती लांब नेऊन सोडला यावर, अवलंबून नसतो. एका मुलाने तो साठ अंशांवरून सोडला आणि दहा झोक्यांना अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ लागला. मी त्याला “नीट मोज” म्हणून तीनदा परत पाठवलं. चौथ्यांदा त्याने दहा सेकंद लिहून आणले, मी बरोबरची खूण केली. पुढे कधीतरी गणित करून पाहिलं तेव्हा कळलं : पुस्तकातला नियम लहान कोनांसाठीच खरा आहे. साठ अंशांना दोलनकाल सुमारे 7 टक्क्यांनी वाढतो. त्या मुलाने पहिल्यांदा मोजलेलं बरोबर होतं आणि मी त्याला खोटं लिहायला शिकवलं. तो मुलगा तोवर शाळा सोडून गेला होता. तेव्हापासून पुस्तकाशी न जुळणारा आकडा आला की मी विचारते, “दुसऱ्या कुणाकडून मोजून घेतलंस का?” दुसऱ्यालाही तेच आलं तर तो आकडा वहीत राहतो आणि त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह येतं.

दोन म्हणणी समोरासमोर असतील तर काय करायचं? त्यासाठी मेणबत्तीचा प्रयोग घ्या. ताटलीत थोडं रंगीत पाणी, मध्ये पेटती मेणबत्ती, वरून काचेचा उंच ग्लास पालथा. ज्योत विझते आणि पाणी ग्लासात चढतं. कित्येक पुस्तकांत याचं कारण दिलेलं असतं, की ज्योतीने ऑक्सिजन संपवला, हवेत तो सुमारे 21 टक्के असतो, त्याची जागा पाण्याने घेतली. मुलांना हे इतकं पटतं, की पाणी पाचव्या भागापर्यंत चढलं असं ती डोळ्यांनी पाहतातही. मी त्यांना मोबाइलवर चित्रण करून सावकाश पाहायला लावते. मग दोन गोष्टी दिसतात. ग्लास ठेवताना काठाखालून बुडबुडे बाहेर पडतात. आणि पाणी बहुतांश चढतं ते ज्योत विझल्यानंतर, एकदम. ऑक्सिजन हळूहळू संपत असेल तर पाणीही जळता-जळता हळूहळू चढायला हवं होतं.

इथे दुसरं म्हणणं जन्माला येतं : ज्योतीने तापलेली हवा पसरली, काही बाहेर गेली, विझल्यावर उरलेली हवा थंड होऊन आकसली आणि पाणी आत ओढलं गेलं. दोन्ही म्हणणी एका मेणबत्तीचं पाणी चढणं समजावून देतात. मग निवाडा कसा करायचा? अशी परिस्थिती शोधायची, जिथे दोघांची भाकितं वेगळी निघतील. मुलांना वेळ दिला तर ती शोधतात : त्याच ग्लासाखाली तीन मेणबत्त्या. ऑक्सिजनवाले लिहितात, “ग्लासातला ऑक्सिजन तेवढाच आहे, तर पाणी लवकर चढेल पण तेवढंच चढेल.” तापल्या हवेवाले लिहितात, “जास्त चढेल.” तीन मेणबत्त्यांना पाणी स्पष्ट दिसेल इतकं जास्त चढतं.

यानंतर मी थोडी पाण्याची वाफ आत थंड होते तिचाही हातभार लागतो हे सांगते, आणि ज्योत विझते तेव्हा ग्लासात बराच ऑक्सिजन शिल्लक असतो हेही. म्हणजे ‘तापल्या हवेवाले जिंकले’ असा डंका पिटायला मी देत नाही. दोन म्हणण्यांपैकी एक कोसळलं, दुसरं अजून टिकून आहे, इतकंच. (मेणबत्त्या असतील तेव्हा केस बांधलेले, ओढण्या खोचलेल्या, पाण्याची बादली शेजारी. यात सवलत नाही.)

आता एक गोष्ट, जी पायऱ्यांच्या तक्त्यात कधीच येत नाही. भाकीत चुकलं की गृहीतक टाकून द्यायचं, असं आपण सांगून मोकळे होतो. प्रत्यक्षात काय चुकलं हे ठरवणंच सर्वात अवघड असतं. साखळीवाल्या गटाचा आकडा वजनाबद्दल काहीच सांगत नव्हता, त्यांची लांबी चुकली होती. हे मोठ्या माणसांनाही किती जड जातं ते मी नेपच्यूनच्या कथेतून सांगते. युरेनस 1781 मध्ये सापडला. पुढच्या काही दशकांत लक्षात आलं, की न्यूटनच्या गणिताने तो जिथे असायला हवा तिथे तो नसतो. न्यूटन चुकला का? फ्रान्सच्या ल व्हेरिए या खगोलशास्त्रज्ञाने म्हटलं, नाही, पलीकडे न दिसलेला ग्रह आहे आणि तो याला ओढतोय. त्याने त्या ग्रहाची जागा गणिताने काढून बर्लिनच्या वेधशाळेला कळवली. 23 सप्टेंबर 1846 च्या रात्री योहान गाले याने दुर्बीण लावली आणि सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत नेपच्यून सापडला.

इथे वर्ग टाळ्या वाजवतो. मग मी पुढची गोष्ट सांगते. बुध ग्रहाची कक्षाही गणिताशी जुळत नव्हती. ती हळूहळू फिरते, आणि त्या फिरण्यातल्या शतकाला सुमारे 43 विकलांचा हिशेबच लागेना. एक अंश म्हणजे 3600 विकला, यावरून फरक किती बारीक होता बघा. त्याच ल व्हेरिएने 1859 मध्ये तोच उपाय सुचवला : सूर्याच्या अगदी जवळ आणखी काहीतरी वस्तुमान असणार. या कल्पित ग्रहाचं ‘व्हल्कन’ असं बारसंही झालं, अधूनमधून कुणाला तो ‘दिसला’ही. पण तो तिथे नव्हताच. 1915 मध्ये आइन्स्टाइनच्या गुरुत्वाकर्षणाच्या नव्या मांडणीतून त्या 43 विकला आपसूक निघाल्या. यावेळी खरोखरच न्यूटनचा नियम अपुरा पडला होता.

माणूस तोच, विचाराची रीत तीच. एकदा ग्रह सापडला, एकदा नाही. मुलं विचारतात, मग आधीच कसं ओळखायचं? मी सांगते, आधीच ओळखता येत नाही. म्हणून तर दुर्बीण लावावी लागते. ल व्हेरिएचं मोठेपण दोन्ही वेळेला सारखंच आहे, कारण दोन्ही वेळेला त्याने असं म्हणणं मांडलं जे दुर्बीण लावून पाहता येईल आणि खोटंही ठरू शकेल. याच कथेमुळे आणखी एक शंका मिटते : जिथे प्रयोगशाळेत प्रयोग करता येत नाही, आकाशात किंवा लाखो वर्षं जुन्या खडकांत, तिथे ही पद्धत कशी चालते? तिथेही, पाहण्याआधी सांगून.

इतिहासातल्या गोष्टी सांगताना एक पथ्य पाळा. शेवट आधी सांगू नका. ‘हात धुण्याचा शोध सेमेलवाइसने लावला’ अशी सुरुवात केली की सगळं संपलं. मी अशी सांगते : व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात 1840 च्या दशकात प्रसूतीचे दोन विभाग होते. पहिल्यात डॉक्टर आणि वैद्यकाचे विद्यार्थी बाळंतपण करत, दुसऱ्यात सुईणी. पहिल्यात शंभरातल्या दहाएक बाळंतिणी तापाने दगावत, दुसऱ्यात चारेक. का? आणि इथे थांबते. मुलं कारणं देतात, मी फळ्यावर लिहिते. गर्दी? तिथला डॉक्टर सेमेलवाइस यानेही पाहिलं, गर्दी दुसऱ्या विभागात जास्त होती. बाळंत होताना झोपण्याची पद्धत वेगळी? त्याने ती बदलून पाहिली, फरक पडला नाही. मरणाऱ्या बाईजवळ जाणाऱ्या पाद्र्याच्या घंटेची धास्ती? घंटा थांबवली, तरी मृत्यू थांबले नाहीत. प्रत्येक कारणापुढे मुलांना ‘हे खरं असेल तर आणखी काय दिसायला हवं?’ हे लिहायला लागतं. मग 1847 मध्ये त्याचा सहकारी कोलेचका याला शवविच्छेदनाच्या वेळी एका विद्यार्थ्याच्या चाकूचा काप लागला आणि बाळंतिणींना होई तसाच आजार होऊन तो गेला. पुन्हा थांबते. या क्षणाला वर्गात कुणाच्या तरी डोळ्यांत लख्ख दिसतं : डॉक्टर शवविच्छेदन करून थेट प्रसूतीला येतात. सुईणी शवविच्छेदन करत नाहीत.

त्याने क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुणं सक्तीचं केलं. एप्रिल 1847 मध्ये पहिल्या विभागात 18.3 टक्के बाळंतिणी दगावल्या होत्या, जूनमध्ये 2.2 टक्के. आणि तरीही त्याचं स्पष्टीकरण अर्धवट होतं. प्रेतातले कण हातावाटे जातात असं त्याला वाटलं, जंतूंचं ज्ञान नंतर आलं. अपुऱ्या कल्पनेतूनही पारखून घेतलेलं भाकीत खरं ठरू शकतं, हे मुलांना इथे समजतं. ही गोष्ट एका तासात पूर्ण होत नाही. होऊ देऊ नका. कोलेचकाच्या मृत्यूपाशी घंटा वाजली तर उत्तम, मुलं रात्री घरी विचार करतात.

सजीवांवरचे प्रयोग मी मुद्दाम उशिरा घेते, कारण तिथे एकासारखा दुसरा नसतो. एक रोप उजेडात आणि एक अंधारात ठेवून काही कळत नाही, कारण मुळात दोन रोपं सारखी नव्हतीच. किमान वीस-वीस बियांच्या दोन ताटल्या हव्यात. आणि मोजणाऱ्याला कोणती ताटली कोणती हे माहीत नसावं. ताटल्यांवर ‘क’ आणि ‘ख’ एवढंच, चावी माझ्याकडे. ‘गाणं ऐकवलेली रोपं जास्त वाढतात’ असा प्रकल्प दरवर्षी कुणीतरी आणतं आणि ज्यांनी गाणं लावलं त्यांनीच मोजपट्टीही धरलेली असते. रोपाचं टोक किंचित सरळ करून मोजलं की दोन मिलिमीटर सहज वाढतात, आणि ते करणाऱ्याला आपण तसं केल्याचं कळतही नाही. फ्रान्समध्ये 1903 मध्ये ब्लाँदलो या नावाजलेल्या भौतिकशास्त्रज्ञाला ‘एन-किरण’ नावाचे नवेच किरण सापडले होते, इतरही अनेकांना ते दिसू लागले. 1904 मध्ये रॉबर्ट वूड हा अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ त्याच्या प्रयोगशाळेत गेला आणि अंधारात त्याने उपकरणातला लोलक (प्रिझम) हळूच काढून घेतला. त्याच्याशिवाय काही दिसायलाच नको होतं. तरी ब्लाँदलोची निरीक्षणं तशीच चालू राहिली. ब्लाँदलो खोटारडा नव्हता, त्याच्या डोळ्यांना जे हवं होतं ते त्याला दिसत होतं. हे ऐकल्यावर मुलं ताटल्यांची चावी माझ्याकडे स्वतःहून आणून देतात.

एक शब्दाचा खुलासा वर्गात जरूर करा. ‘सिद्धांत’ या शब्दात ‘सिद्ध’ही आहे आणि ‘अंत’ही, त्यामुळे मराठी मुलाला तो ऐकताच वाटतं, की इथे विषय संपला, आता प्रश्न नको. विज्ञानातला सिद्धांत म्हणजे पुष्कळ कसोट्यांतून तरलेलं आणि पुष्कळ गोष्टी एका धाग्यात ओवणारं स्पष्टीकरण. त्यावर पूल बांधता येतात इतका तो भरवशाचा असतो, तरीही बुधाच्या 43 विकलांसारखं काही समोर आलं तर त्याची पुन्हा तपासणी होते. ‘कशावरही विश्वास ठेवू नका’ असं मात्र मुलांना कधी सांगू नका. त्यातून विज्ञान येत नाही, बेफिकिरी येते. कोणत्या म्हणण्यामागे किती कसोट्या उभ्या आहेत, हे विचारायला शिकवा.

राहता राहिले गुण, कारण तुम्ही ज्याला गुण देता तेच मुलं करणार. मी अंदाज बरोबर आला याला एकही गुण देत नाही. अंदाज आधी, स्पष्ट आणि आकड्यात लिहिला का, चुकलं हे कशावरून कळेल ते लिहिलं का, मोजलेले सगळे आकडे, न आवडलेलेही, वहीत आहेत का, आणि निष्कर्ष त्या आकड्यांपलीकडे उडी मारत नाही ना, याला गुण. प्रयोगवहीत खोडरबर आणि पांढरी शाई चालत नाही. चुकलं तर एक आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी कारण. पहिले दोन महिने वह्या गलिच्छ दिसतात आणि पालक येऊन विचारतात. त्यांनाही मी त्या आडव्या रेघांखालचं वाचून दाखवते.

अभ्यासक्रम पुरा व्हायचा असतो, हे मला माहीत आहे. सगळे प्रयोग असे घेता येणार नाहीत. सत्रात दोनच घ्या, पण पूर्ण घ्या. उरलेल्या प्रयोगांत फक्त वहीची मांडणी बदला : ‘साहित्य’च्याही आधी ‘माझा अंदाज’ आणि ‘चुकलं कधी म्हणेन’ अशा दोन ओळी. यासाठी जास्तीची पाच मिनिटं लागतात. आणि या सोमवारी सुरुवात करायची असेल तर काहीही आणायला नको, फळ्यावर 2, 4, 6 लिहा.